जीएसटीला सीएचं सर्टिफिकेट नेमकं कधी लागतं?

"ताई, जीएसटीला सीएचं सर्टिफिकेट लागतंय म्हणे, तेवढं बघा की." दिवाळी झाली की शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखानदारांचे असे फोन सुरू होतात. कशासाठी लागतंय, असं विचारलं की समोरचा गप्प. कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलेलं असतं.

मी कोल्हापुरात जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून काम करते. रिटर्न भरते, रिफंडचे अर्ज करते, नोटिशीचं उत्तर तयार करते. सर्टिफिकेटवर मात्र माझी सही चालत नाही, आणि वकिलाचीही नाही. पुढे सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी सही लागते ती प्रॅक्टिस करणाऱ्या सीएची किंवा कॉस्ट अकाउंटंटची. या दुसऱ्या नावाचा विसर फार जणांना पडतो. सीए मार्च-सप्टेंबरच्या गर्दीत अडकला असेल, तर कॉस्ट अकाउंटंट तेच सर्टिफिकेट देऊ शकतो. तुमच्याच कारखान्यात पगारावर असलेला सीए मात्र चालणार नाही.

आता आधी नको असलेलं बाजूला काढू. दिवाळीनंतरचे बहुतेक फोन जीएसटीआर-९सी साठी, म्हणजे ताळेबंद आणि वार्षिक रिटर्न जुळवून दाखवणाऱ्या पत्रकासाठी असतात. पूर्वी त्यावर सीएचं ऑडिट लागायचं, हे खरं. पण कलम ३५ मधली ती ऑडिटची अट १ ऑगस्ट २०२१ पासून रद्द झाली आणि २०२०-२१ या आर्थिक वर्षापासून ९सी मालकाच्याच सहीने जातं. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ९ (वार्षिक रिटर्न) आणि ९सी दोन्ही, २ ते ५ कोटी असेल तर फक्त ९, तारीख ३१ डिसेंबर. इन्कम टॅक्सचं ऑडिट हा वेगळा विषय आहे, त्याची यात गल्लत करू नका. माझं मत विचाराल, तर ५ कोटींच्या वरच्यांनी ९सी एकदा सीएच्या नजरेखालून घालावं. कायदा सांगत नाही, पण ताळेबंद आणि रिटर्न यांतल्या फरकाखाली आता तुमची स्वतःची सही असते.

खरोखर लागतं त्यात पहिला नंबर रिफंडचा.

समजा, एका महिन्यात तेच बिल ३बी मध्ये, म्हणजे कर भरायच्या रिटर्नमध्ये, दोनदा धरलं गेलं आणि ३ लाख रुपये कर जास्त भरला. तो परत मागताना रक्कम २ लाखांपर्यंत असेल तर तुमचं स्वतःचं घोषणापत्र पुरतं. २ लाखांच्या पुढे गेली की आरएफडी-०१ या रिफंडच्या अर्जासोबत सीएचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. त्यात एकच गोष्ट सांगायची असते: या कराचा बोजा तुम्ही दुसऱ्या कुणावर टाकलेला नाही.

हे एक वाक्य लिहिण्याआधी सीए तुमची वही उघडतो आणि बघतो, की तो जास्तीचा कर कुठे टाकलाय. 'जीएसटी रिफंड येणे' म्हणून ताळेबंदाच्या येणे बाजूला असेल, तर काम सोपं. पण अकाउंटंटने तो खर्चात टाकून नफातोटा पत्रकात संपवला असेल, तर अधिकारी म्हणणार, की खर्चात धरला म्हणजे मालाच्या किमतीतून गिऱ्हाइकाकडून वसूल झाला. कायद्याचं गृहीतकही गिऱ्हाइकावर गेला असंच आहे. गेला नाही हे तुम्ही दाखवायचं. म्हणून रिफंडचा विचार डोक्यात आला, की आधी ती नोंद तपासा, आणि तीही ३१ मार्चच्या आत. सोबत मूळ बिल, त्या पार्टीचं खातं, बँकेत आलेली रक्कम आणि त्या महिन्याची ३बी ठेवा. पार्टीने एकदाच पैसे दिलेत हे खात्यावरून दिसलं, की सीएला फार प्रश्न पडत नाहीत.

प्रत्येक रिफंडला मात्र हे लागत नाही. निर्यातीचा रिफंड, कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी दर असल्यामुळे साचलेल्या क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीचा) रिफंड, राज्यातला व्यवहार की राज्याबाहेरचा यात चूक होऊन भरलेला कर: या सगळ्यांना नियम ८९ मध्येच सूट आहे. कॅश लेजरमधली, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यातली, जादा शिल्लक परत मागतानाही घोषणापत्र किंवा सर्टिफिकेट नको, असं नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रक क्रमांक १६६ मध्ये लिहिलंय. तरी कुणी मागितलंच तर वाद न घालता नियमाची प्रत जोडून उत्तर द्यावं. आणि जिथे लागतं तिथे पहिल्याच अर्जाला जोडा. त्रुटीचा मेमो, म्हणजे आरएफडी-०३, आला की अर्ज नव्याने करावा लागतो. पहिला अर्ज केल्यापासून मेमो येईपर्यंतचा काळ दोन वर्षांच्या मुदतीत धरत नाहीत, पण मेमोनंतर ती पुन्हा चालू होते.

दुसरं ठिकाण आयटीसी-०१, साठ्यावरचं क्रेडिट मागायचा फॉर्म. उलाढाल मर्यादेच्या वर गेली म्हणून नवीन जीएसटी नंबर घेतला किंवा कंपोझिशन (छोट्या धंद्यांची उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची योजना) सोडून नेहमीच्या पद्धतीत आलात, तर हातातल्या साठ्यावरचं क्रेडिट घेता येतं. मुदत ३० दिवसांची, आणि खरेदीचं बिल वर्षापेक्षा जुनं नको. मागितलेलं क्रेडिट सगळे कर मिळून २ लाखांच्या वर असेल तरच सर्टिफिकेट. १८ टक्क्यांच्या मालाचा हिशोब केला, तर साठा ११ लाख ११ हजारांच्या पुढे गेला की सीए गाठायचा. यात जीव असतो तो साठ्याच्या यादीत. आदल्या दिवशीचा साठा बिलवार लिहिलेला हवा. 'अंदाजे इतके नग' असं लिहून दिलेला कागद कुठलाही शहाणा सीए हातात धरणार नाही.

आयटीसी-०२ चं वेगळं आहे. भागीदारीची प्रायव्हेट लिमिटेड केली, धंदा विकला किंवा दोन युनिट एकत्र केली, की जुन्या नंबरावरचं क्रेडिट नव्यावर न्यायला हा फॉर्म. इथे रकमेची मर्यादा नाही; क्रेडिट १० हजार असो नाहीतर १० लाख, सर्टिफिकेट लागतंच. आणि ते आकड्यांचं नसतं. देणीदेखील नव्या मालकाकडे जातील अशी स्पष्ट तरतूद ठेवून हस्तांतरण झालंय, एवढंच त्यात असतं. तेव्हा करारनामा टाइप होत असतानाच ते कलम घालून घ्या. स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्यानंतर पुरवणी करार करत बसायची वेळ येते. आणि जुना नंबर रद्द करायची घाई नको. आधी नवा नंबर, मग आयटीसी-०२, मग नव्या नंबरावरून पोर्टलवर मंजुरी, त्यानंतर जुना बंद.

कंपोझिशनमध्ये जाताना आयटीसी-०३ आणि नंबर रद्द झाल्यावर जीएसटीआर-१० भरताना साठ्यावरचं क्रेडिट परत करावं लागतं. बिलं असतील तर सर्टिफिकेटचा प्रश्नच नाही. बिलं सापडत नसतील, तर बाजारभावाने अंदाज काढायचा आणि तो अंदाज सर्टिफाय करून घ्यायचा. बिलं जपायचं एवढं एक कारणही पुरेसं आहे.

जुन्या वर्षांच्या नोटिशी आणि अपिलं ज्यांची चालू आहेत त्यांच्यासाठी: ३बी मध्ये घेतलेलं क्रेडिट २ए मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलने बनवलेल्या यादीत, दिसत नाही, असा फरक एका पुरवठादाराचा एका वर्षात ५ लाखांच्या वर असेल, तर त्या पुरवठादाराने सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचं सर्टिफिकेट द्यायचं असतं, ५ लाखांपर्यंत पुरवठादाराचं स्वतःचं पत्र चालतं. डिसेंबर २०२२ चं परिपत्रक १८३ हे २०१७-१८ आणि २०१८-१९ साठी होतं, जुलै २०२३ च्या १९३ ने ते ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत नेलं. लोक स्वतःच्याच सीएकडून पत्र आणतात. त्याचा इथे उपयोग नाही, माल पुरवणाऱ्याने कर भरला हे त्याच्या बाजूने यायला हवं. पुरवठादाराशी संबंध बिघडले असतील तर हे मिळवणं कठीण जातं, म्हणून फोन आजच करा.

कलम ६६ च्या विशेष ऑडिटमध्ये सीए आयुक्त नेमतात आणि फीही तेच देतात. तुम्हाला शोधायचा नसतो, कागद तेवढे द्यायचे.

आता सीएकडे जाताना. 'जीएसटीचं सर्टिफिकेट द्या' असं सांगू नका. कुठल्या फॉर्मसाठी, कुठल्या नियमाखाली, कुठल्या काळाचं आणि किती रकमेचं, हे एका कागदावर लिहून न्या. फी आधी विचारा. आकड्यांची जबाबदारी तुमची आहे, असं पत्र तो तुमच्याकडून सही करून घेईल. त्यात वावगं काही नाही, पण वाचून सही करा. सर्टिफिकेट हातात आलं की जीएसटी नंबर, काळ आणि रक्कम अर्जाशी रुपयान्‌रुपया जुळवा. आयटीसी-०१ भरताना पोर्टल सर्टिफिकेट देणाऱ्याचं नाव, सदस्य क्रमांक आणि सर्टिफिकेटची तारीख विचारतं, तेही टिपून ठेवा.

शेवटी यूडीआयएन, म्हणजे प्रत्येक सर्टिफिकेटला मिळणारा वेगळा ओळख क्रमांक, बघा. सीएच्या सर्टिफिकेटांना तो १ फेब्रुवारी २०१९ पासून सक्तीचा आहे. अठरा अक्षर-अंकांचा असतो: पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सीएच्या सदस्य क्रमांकाचे, उरलेले दहा संगणकाने दिलेले. सीए संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर तो कुणालाही तपासता येतो. कॉस्ट अकाउंटंटांच्या संस्थेचीही अशीच सोय आहे. सही, शिक्का सगळं आहे पण यूडीआयएन नाही, असा कागद अपलोड करू नका.

अपलोड झालं की सर्टिफिकेट, त्यामागच्या याद्या आणि पोर्टलची पोच एकाच फाइलमध्ये लावा. हिशोबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष तरी.