नॅनोकणांचा प्रकाश मोजताना या चुका टाळा

झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांची भुकटी २७० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाने उत्तेजित केली आणि वर्णपटात ५४० नॅनोमीटरला एक टोकदार हिरवे शिखर उगवले, की आनंदाच्या भरात ‘ऑक्सिजनच्या रिक्त जागांमुळे होणारे उत्सर्जन’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह आवरत नाही. झिंक ऑक्साइडमधील स्फटिकदोषांचे हिरवे उत्सर्जन साधारण याच पट्ट्यात येते, हे खरेच आहे. पण ५४० ही २७०ची बरोबर दुप्पट आहे, हेही तितकेच खरे आहे. वर्णपटमापीतील ग्रेटिंग (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणारी बारीक रेघांची पट्टी) ज्या कोनात ५४० नॅनोमीटरचा प्रकाश पुढे पाठवते, त्याच कोनात २७० नॅनोमीटरचा दुसऱ्या क्रमाचा (दुप्पट तरंगलांबीच्या जागी येणारा) प्रकाशही पाठवते, आणि प्रकाश मोजणाऱ्या शोधकाला (डिटेक्टरला) या दोहोंतला फरक कळत नाही. भुकटीवरून परावर्तित झालेला दिव्याचाच प्रकाश मग नमुन्याचे उत्सर्जन म्हणून कागदावर उतरतो.

हे ओळखणे अवघड नाही. उत्तेजनाची तरंगलांबी २७०वरून २८० करावी. शिखर ५६०वर सरकले, तर ते नमुन्याचे नव्हे. दोषांमुळे होणारे उत्सर्जन पसरट असते, तर हे भुताटकीचे शिखर जेवढी स्लिट (प्रकाश जाऊ देणारी फट) उघडी ठेवली असेल तेवढेच रुंद असते. साधारण ३५० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर नमुना आणि शोधक यांच्यामध्ये बसवला, की ते नाहीसे होते. हा फिल्टर प्रयोगशाळेच्या खणात बहुधा असतोच. तो बसवायचे तेवढे राहून जाते.

हीच चूक दिव्याच्या बाजूनेही होते आणि तिथे ती अधिक महागात पडते. उत्तेजनाचे ग्रेटिंग ८०० नॅनोमीटरवर ठेवले, तरी झेनॉन दिव्यातील ४०० नॅनोमीटरचा थोडा प्रकाश दुसऱ्या क्रमाने नमुन्यापर्यंत पोहोचतो. कार्बन डॉटसारखा (चमकणाऱ्या कार्बनी नॅनोकणांसारखा) पदार्थ त्या गळक्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाने चमकतो आणि संशोधकाला वाटते, की कमी ऊर्जेच्या प्रकाशातून जास्त ऊर्जेचा प्रकाश मिळाला. कार्बन डॉटमधील अशा ‘ऊर्ध्व रूपांतरा’चे कितीतरी दावे या एका गळतीपाशी येऊन थांबतात. उत्तेजनाच्या मार्गात लघुतरंग अडवणारा फिल्टर ठेवूनही उत्सर्जन टिकते का, हे आधी पाहावे. त्यानंतर दिव्याची तीव्रता अर्धी करावी. एका उत्सर्जनासाठी दोन फोटॉन (प्रकाशकण) लागत असतील, तर उत्सर्जन सुमारे चौथ्या हिश्श्यावर यायला हवे. ते निम्म्यावरच थांबले, तर दावा मागे घेणे बरे.

पातळ जलीय द्रावणांत आणखी एक पाहुणा भेटतो. १९२८ साली कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी द्रवांमध्ये विखुरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी बदलण्याचा जो परिणाम शोधला, तोच आपल्या क्युवेटमधील (नमुन्याच्या पारदर्शक भांड्यातील) पाण्यातही घडत असतो. पाण्याचे रामन शिखर उत्तेजनापासून सुमारे ३४०० प्रति सेंटीमीटर (हे तरंगसंख्येचे एकक) एवढ्या अंतरावर येते. म्हणजे ३५० नॅनोमीटरने उत्तेजित केल्यास ३९७च्या आसपास आणि ४०० नॅनोमीटरने केल्यास ४६३च्या आसपास. नमुन्याचे उत्सर्जन क्षीण असले, की हेच शिखर ठळक दिसते, आणि उत्तेजन बदलले की ते सरकत असल्यामुळे त्याला ‘उत्तेजनावर अवलंबून असलेले उत्सर्जन’ असे भारदस्त नाव मिळते. त्याच दिवशी, त्याच स्लिट ठेवून नुसत्या द्रावकाचा वर्णपट घेतला, तर हा प्रश्न पाच मिनिटांत मिटतो.

<b>चमकणारे नेमके काय आहे?</b>

उपकरण निर्दोष ठरल्यावरही नमुन्याची चौकशी संपत नाही. सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमिन बंद भांड्यात तापवून केलेल्या कार्बन डॉटच्या द्रावणात निळे तेज भरपूर असते. पण या अभिक्रियेत तीव्र निळी प्रतिदीप्ती देणारे लहान सेंद्रिय रेणूही तयार होतात, हे आता चांगले ठाऊक झाले आहे. शुद्धीकरण अर्धवट राहिले, तर मोजली जाते ती त्या रेणूंची चमक आणि श्रेय मिळते कणांना. म्हणून डायलिसिस (लहान रेणू बाहेर पाझरू देणाऱ्या पिशवीतून शुद्धीकरण) करताना पिशवीतील द्रावणाबरोबर बाहेरच्या पाण्याचाही वर्णपट घ्यावा. बाहेरचे पाणी तेवढेच चमकत असेल आणि आतले फिके पडत चालले असेल, तर कणांच्या आकाराशी उत्सर्जनाचा संबंध जोडणारी आकृती काढण्याची घाई करू नये. मला स्वतःला हा मुद्दा वर सांगितलेल्या सर्व मुद्द्यांहून गंभीर वाटतो, कारण यात मापन बरोबर असते आणि अर्थ तेवढा चुकतो.

<b>संहतीचा सापळा</b>

नमुना जितका दाट तितका प्रकाश जास्त, ही समजूत अगदी विरल द्रावणापुरतीच चालते. १ सेंटीमीटरच्या क्युवेटमध्ये शोषणांक (नमुना किती प्रकाश शोषतो याचे माप) ०.१ असतानाही उत्तेजक प्रकाश मध्यभागी पोहोचेपर्यंत सुमारे ११ टक्क्यांनी घटलेला असतो. शोषणांक १ असेल, तर मध्यभागी एक तृतीयांशाहून कमी प्रकाश उरतो. शोधक नेमका त्या मध्यभागाकडेच पाहत असतो. त्यामुळे संहती वाढवत नेल्यावर उत्सर्जन आधी वाढते, मग उतरते, आणि त्या उतरणीला ‘संहतीजन्य शमन’ (दाटीमुळे चमक विझणे) म्हटले जाते, जरी कणांनी प्रत्यक्षात काहीच गमावलेले नसते. खरे शमन ओळखण्यासाठी उत्सर्जनाचे आयुर्मान (उत्तेजनानंतर चमक किती वेळ टिकते ते) मोजावे: ऊर्जा शेजाऱ्याकडे जाऊन विझत असेल, तर ते घटते, प्रकाश केवळ वाटेत अडला असेल, तर घटत नाही.

क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनमागे किती फोटॉन उत्सर्जित होतात ते प्रमाण) काढताना तर ही चूक आकड्यातच मुरते. नमुना आणि प्रमाण पदार्थ (ज्याचे यील्ड आधीच ठाऊक आहे तो) या दोघांचेही शोषणांक ०.१च्या खाली, शक्यतो ०.०५च्या आसपास ठेवावेत. सल्फ्युरिक आम्लातील क्विनीन सल्फेटचे क्वांटम यील्ड ०.५४ धरण्याची प्रथा आहे. पण नमुना टोल्युइनमध्ये आणि प्रमाण पदार्थ पाण्यात असेल, तर दोन्ही द्रावकांच्या अपवर्तनांकांच्या वर्गांचे गुणोत्तर गणितात घ्यावेच लागते. टोल्युइनचा अपवर्तनांक १.५० आणि पाण्याचा १.३३ आहे, म्हणजे ही दुरुस्ती विसरल्यास उत्तर खऱ्याहून बरेच कमी येते; खरा आकडा त्याच्या १.२७ पट असतो. भुकटी आणि फिल्म यांच्यासाठी मात्र ही तुलनेची पद्धत वापरूच नये. तिथे इंटिग्रेटिंग स्फिअरला (सर्व दिशांचा प्रकाश गोळा करणाऱ्या पोकळ गोलाला) पर्याय नाही.

<b>फिल्म दुधाळ का होते?</b>

द्रावणात स्वच्छ दिसणारे क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे चमकणारे नॅनोकण) पॉलिमरमध्ये मिसळून फिल्म वाळवली, की ती पांढुरकी होते, ही तक्रार नेहमीची. याचे मूळ दोन गोष्टींत असते. एक म्हणजे अपवर्तनांकातील तफावत: पीएमएमए या ॲक्रिलिक पॉलिमरचा अपवर्तनांक १.४९, सिलिकाचा १.४६, तर झिंक ऑक्साइडचा सुमारे २.० असतो. त्यामुळे सिलिकाचे कण पीएमएमएमध्ये जवळजवळ अदृश्य होतात आणि झिंक ऑक्साइडचे होत नाहीत. दुसरी आणि अधिक त्रासदायक गोष्ट म्हणजे पुंजके. लहान कणांकडून होणारे विकिरण (प्रकाशाचे विखुरणे) त्यांच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढते. त्यामुळे १० नॅनोमीटरचे कण गोळा होऊन ५० नॅनोमीटरचे घट्ट पुंजके झाले, तर एकूण द्रव्य तेवढेच असूनही विकिरण सुमारे १२५ पट होते.

पुंजके होण्याचे कारण बहुधा कणांच्या पृष्ठभागावर सापडते. ओलेइक आम्लाची तेलकट साखळी ल्यालेला कण टोल्युइनमध्ये सुखाने राहतो, पण द्रावक उडून गेल्यावर ध्रुवीय पॉलिमरशी त्याचे जमत नाही. शुद्धीकरणाच्या उत्साहात एथॅनॉल आणि ॲसिटोनने कण वारंवार धुतले, तर ते आवरणही निघून जाते. मग कण एकमेकांना चिकटतात आणि उघड्या पडलेल्या पृष्ठभागावरील दोषांमुळे चमकही उतरते. धुण्याच्या प्रत्येक फेरीनंतर उत्सर्जन मोजून कुठे थांबायचे ते ठरवावे आणि पॉलिमरशी जुळणारे आवरण कण मिसळण्यापूर्वीच चढवावे.

दुधाळ फिल्म कधी कधी जास्त तेजस्वी दिसते, आणि इथे फसगत होते. विकिरणामुळे उत्तेजक प्रकाश फिल्ममध्ये जास्त अंतर कापतो आणि आत अडकलेला उत्सर्जित प्रकाशही बाहेर निसटतो. म्हणून दोन फिल्मची तुलना नुसत्या शिखराच्या उंचीवरून न करता, प्रत्येकीने किती प्रकाश शोषला ते मोजूनच करावी.

आकडेमोडीतील दोन चुका थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. क्ष-किरण विवर्तनाच्या शिखराच्या रुंदीवरून आकार काढणाऱ्या शेरर सूत्राने मिळतो तो स्फटिकखंडाचा आकार, कणाचा नव्हे. आणि तोही उपकरणामुळे आलेली रुंदी वजा केल्यानंतरच. दुसरे, नॅनोमीटरमधील वर्णपट इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये नेताना फक्त आडवा अक्ष बदलून भागत नाही. प्रत्येक तीव्रतेला तरंगलांबीच्या वर्गाने गुणावे लागते, अन्यथा पसरट शिखराची जागाच चुकते.

पांढऱ्या एलईडीसाठी नवा पदार्थ सुचवायचा असेल, तर खोलीच्या तापमानाचा वर्णपट पुरत नाही. निळ्या चिपवरचा फॉस्फर (निळा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा देणारा पदार्थ) चांगलाच तापतो. म्हणून १५० अंश सेल्सिअसपर्यंत टप्प्याटप्प्याने तापवत उत्सर्जन मोजावे, नंतर नमुना थंड करून पुन्हा मोजावे. थंड झाल्यावर मूळ तेज परत आले, तर ते तात्पुरते औष्णिक शमन होते. परत आले नाही, तर आवरण किंवा पॉलिमर जळाला आहे, आणि दुरुस्ती कणांत नव्हे, तिथे करायची आहे.