यार्डात उभा डबा दिसला तरी तो चालतोय असंच धरा

परवा आमच्याकडे रेल्वे यार्डात चार नवीन पोरं लागली पॉइंट्समन म्हणून, म्हणजे लाईन बदलायला आणि डबे जोडा-सोडायला. ट्रेनिंग करून आलेली, नियम सगळे तोंडपाठ, आणि पहिल्याच दिवशी त्यातला एक उभ्या रेकच्या (जोडलेल्या डब्यांची आख्खी रांग) दोन वॅगनमधून वाकून पलीकडे गेला, का तर चहावाला पलीकडच्या बाजूला बसतो. त्याला ओरडलो तर म्हणतो काका, गाडी तर उभी होती. म्हणून हे लिहायला बसलो. कल्याण असो, वाडीबंदर असो नाहीतर कुठल्या कंपनीची सायडिंग (तिच्या मालासाठीची लाईन), काम करणाऱ्याचा जीव वाचवायच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच.

पहिलं म्हणजे उभा डबा. ५८ बॉक्सएनचा, म्हणजे उघड्या माल-वॅगनचा, रेक सहाशे मीटरच्या वर जातो, तुम्ही ह्या टोकाला आणि इंजिन त्या टोकाला, ते लागलं की धक्का कपलिंगमधून सरकत सरकत येतो आणि तुमच्यासमोरची वॅगन हातभर हलते तेव्हा आवाज फक्त एक, खट्ट. इंजिनाचा आवाज ऐकू येईल ह्या भरवशावर राहू नका, त्यात मुंबईत बाजूच्या लाईनवरून दर तीन-चार मिनिटाला लोकल जाते, त्या आवाजात काय ऐकणार. पलीकडे जायचंय तर रेकचं टोक गाठा, आणि टोकापासून पण चांगलं दोन वॅगनइतकं अंतर सोडून लाईन क्रॉस करा. वॅगनखालून तर नाहीच नाही. क्रॉस करताना रुळाच्या डोक्यावर पाय द्यायचा नाही, पावसात तो साबणासारखा होतो. आणि पॉइंटच्या, म्हणजे लाईन बदलणाऱ्या सरकत्या रुळाच्या, फटीत पाय कधीच नको, मोटर पॉइंट तर केबिनवरून फिरतो, तो तुम्हाला विचारून फिरत नाही.

आता जोडणी, इथे जरा नीट वाचा. शंटिंगचा, म्हणजे यार्डात डबे हलवून जोडा-सोडायचा, स्पीड ताशी १५ किलोमीटरच्या वर नाही, आणि स्फोटकं, पेट्रोल असला माल असेल तर ८. इंजिन ढकलत असतं तेव्हा लोको पायलटला पुढचं काही दिसत नाही, त्याचे डोळे म्हणजे शंटिंग जमादार, खाली उभा राहून हे काम सांभाळणारा. म्हणून सिग्नल एकानेच द्यायचा, दोघं-तिघं हात हलवायला लागले की गोंधळ ठरलेला. वॉकीटॉकीवर आम्ही डबे मोजून सांगतो, तीन डबे, दोन डबे, एक, अर्धा, बस. एक बॉक्सएन साधारण पावणेअकरा मीटर, त्यामुळे अंदाज बरोबर येतो. मध्येच आवाज बंद झाला किंवा जमादार दिसेनासा झाला तर पायलटने थांबायचं, हे दोघांनी काम सुरू करायच्या आधीच बोलून घ्या. थांब सांगायला मात्र कोणी पण चालतो. लाल झेंडी नसेल तर दोन्ही हात वर, रात्री पांढरी बत्ती जोरजोरात हलवली तरी त्याचा अर्थ थांबच.

कपलर म्हणजे डबे जोडणारा हूक, त्याचा नकल (उघडणारा जबडा) उघडलाय का, दोन्ही कपलर सरळ रेषेत आहेत का हे इंजिन लांब थांबवून बघायचं. जवळ येताना वाकडा दिसला म्हणून पायाने ढकलायला जाणारे महाभाग मी बघितलेत, असं करू नका रे. पुन्हा थांबवा, पायलटला सांगा मी आत जातोय, त्याचं "ठीक आहे" ऐका, मग आत. बाहेर आलात की पुन्हा कळवा. जोडणी झाली की लॉक पडलाय का बघा, आणि इंजिन जरासं मागे ओढून खात्री करा.

होज पाईप (दोन डब्यांमधली ब्रेकच्या हवेची नळी) सोडताना दोन्ही बाजूचे अँगल कॉक, म्हणजे हवा बंद करायचे नळ, आधी बंद. ब्रेक पाईपमध्ये ५ किलो प्रेशर असतं. एका यार्डात, कुठलं ते जाऊ द्या, माझ्यासोबतच्या माणसाने घाईत एकच कॉक बंद केला आणि होज असा फटकन उडाला की गुडघ्याची वाटी गेली, महिनाभर घरी होता. मी दोन हात अंतरावर उभा होतो, मला काही झालं नाही, नशीब.

वॅगन सोडून जाताना नुसत्या हवेच्या ब्रेकवर ठेवू नका, हवा हळूहळू उतरते. हातब्रेक लावा, पण चाक फिरवलं म्हणजे ब्रेक लागला असं नसतं, खाली वाकून ब्रेक ब्लॉक चाकाला चिकटलाय का ते डोळ्याने बघा, मग लाकडी गुटके. आणि फाउलिंग मार्कच्या (दोन लाईन जवळ येतात तिथली हद्दीची खूण) आत उभी करा, नाहीतर बाजूच्या लाईनवरची गाडी घासणार.

टीएक्सआरची (डबे तपासणाऱ्यांची) माणसं खाली काम करत असतील तर दोन्ही टोकांना लाल झेंडी, रात्री लाल बत्ती, पॉइंट क्लॅम्प करून कुलूप, आणि चावी काम करणाऱ्याच्याच खिशात. ज्याने झेंडी लावली त्यानेच ती काढायची, साहेब कितीही घाई करू देत.

वर तार २५,००० व्होल्टची. जुने लोक सांगतात १५०० डीसीच्या काळातल्या गोष्टी, पण मुंबईच्या हार्बर लाईनवर पण २०१६ ला डीसी गेला, ते विसरा. तारेपासून दोन मीटरच्या आत काहीच जायला नको, ना हात, ना छत्री, ना लांब पाईप. सप्लाय बंद करून दोन्ही बाजूला अर्थिंग झाल्याशिवाय वॅगनवर चढायचं नाही, ताडपत्री नीट करायला पण नाही.

जुलैत रुळावर पाणी साचलं की पॉइंट, खड्डे, पडलेले स्लीपर काहीच दिसत नाही, तेव्हा शंटिंग थांबवा म्हणून यार्ड मास्टरला सरळ सांगा. रेनकोटची टोपी कानावरून काढा, भिजलात तर भिजलात. कानात इअरफोन असेल तर मी तरी त्या माणसाला लाईनवर घेत नाही.

बाकी त्या चहावाल्याला आम्ही दुसऱ्याच दिवशी बोलून अलीकडच्या बाजूला बसवला.