अँग्झायटीसाठी डॉक्टरांकडे जाताना या चुका टाळा

पहिल्यांदा गेले तेव्हा मी डॉक्टरांना छातीतली धडधड सांगितली, तळहातांना सुटणारा घाम सांगितला, झोप लागत नाही हेही सांगितलं. ईसीजी नॉर्मल आला. "काळजीचं कारण नाही," असं ऐकून उठले आणि दाराच्या कडीवर हात ठेवून म्हणाले, "डॉक्टर, सारखी भीती वाटते हो, कसली ते कळत नाही." तोवर पुढचा पेशंट दाराशी येऊन उभा होता.

शरीराचं सगळं सांगायचं आणि मनाचं गिळून टाकायचं, ही सगळ्यात मोठी चूक. धडधड, पोटात गोळा, अपुरा पडणारा श्वास हे काही मनाचे खेळ नव्हेत. भीती वाटली की शरीरात सुटणारं अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक खरोखरच हृदयाचे ठोके वाढवतं. पण डॉक्टरांपर्यंत अर्धीच हकिकत पोचली तर ते हृदयच तपासत बसणार. म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या आधी भीतीचं बोला: कधीपासून आहे आणि तिच्यापायी काय करणं सुटलंय. "टेन्शन येतं" एवढ्याने काही कळत नाही. "लिफ्टमध्ये जीव घाबरा होतो म्हणून रोज सहा मजले चढते" म्हटलं की लगेच कळतं.

तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठी न्या. दुसऱ्या खेपेला मी वहीच्या पानावर चार ओळी लिहून नेल्या आणि कागद सरळ टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो सहा मजल्यांचाच.

याच्या उलट चूक म्हणजे निदान घरूनच करून जाणं. थायरॉइड वाढलं तरी धडधड आणि हात थरथरणं होतं, रक्त कमी असलं तरी धडधडतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन, दिवसभराची कॉफी यांनीही तसंच होतं. तेव्हा रक्ततपासणी सांगितली तर आपल्यावर विश्वास नाही असं समजू नका. जे जे घेता त्याची यादी द्या, दारूसकट. दारूने रात्री बरं वाटतं आणि सकाळी अस्वस्थता दुपटीने परत येते. शिवाय काही गोळ्यांबरोबर ती जिवावर बेतू शकते. लाज वाटली तरी हे लपवू नका.

अँग्झायटी किती आहे ते मोजणारी जीएडी-७ नावाची ७ प्रश्नांची प्रश्नावली बऱ्याचदा भरायला देतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २१. गेल्या २ आठवड्यांत कसं होतं ते त्यात विचारलेलं असतं, पण लोक आजच्या मनःस्थितीवरून खुणा करतात किंवा बरं दिसावं म्हणून गुण कमी टाकतात.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र खूप जण फसतात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम यांसारख्या औषधांचा गुण यायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत मळमळतं, कधी अस्वस्थता उलट वाढते आणि चौथ्याच दिवशी माणूस पाकीट कपाटात टाकतो. असं झालं तर डॉक्टरांना फोन करा, डोस कमी-जास्त करता येतो. दुसरी चूक होते ती बरं वाटू लागल्यावर. गोळी अचानक थांबवली की चक्कर येऊ शकते, डोक्यात करंट बसल्यासारखं होऊ शकतं. बरं वाटल्यावरही काही महिने औषध चालू ठेवून मग हळूहळू कमी करतात. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम यांनी लवकर आराम पडतो, पण सवय लागते. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नका. आणि रोज घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते.

"टेन्शन घेऊ नका" एवढ्यावर बोळवण झाली तर गप्प उठून येऊ नका. सरळ विचारा, "हा अँग्झायटीचा आजार असू शकतो का? सीबीटीसाठी कोणाकडे पाठवाल?" तरीही दाद मिळाली नाही तर डॉक्टर बदला, त्यात कृतघ्नपणा नाही. सीबीटी ही बोलून करायची उपचारपद्धती आहे. तिच्यात भीतीला थोडं थोडं सामोरं जायचा सराव असतो, त्यामुळे दोन बैठकींत "फरक नाही" म्हणून सोडू नका.

छातीत नव्याने दुखू लागलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, शुद्ध हरपली, तर पॅनिक अटॅक (अचानक उसळणारी भीतीची लाट) असेल म्हणून घरी थांबू नका, तातडीने दवाखाना गाठा.

आणि जगणं नको वाटत असेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा, जवळच्या कुणाला तरी सोबत घेऊन. दाराशी पोचेपर्यंत लोक हे तोंडात धरून ठेवतात, कितीतरी जण तिथेही बोलत नाहीत. ते सगळ्यात आधी सांगा.