प्रोजेक्टर घेताना आधी खोली बघा, मग लुमेन, मग किंमत

होम थिएटरसाठी प्रोजेक्टर घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण बजेट सांगतात आणि विचारतात, "एवढ्यात सगळ्यात जास्त फीचर्स कशात मिळतील?" फसगत इथूनच सुरू होते. फीचर्सची यादी लांबवायला कंपनीला फारसा खर्च येत नाही. खर्च येतो तो दिवा, लेन्स आणि पॅनेल (आत चित्र तयार करणारा भाग) यांना. खोक्यावर नेमकी हीच माहिती सगळ्यात बारीक अक्षरात असते.

आधी मेजर टेप घ्या. चित्र येणार ती भिंत, बसायची जागा आणि प्रोजेक्टरची जागा, तिन्हींची मापं लिहून ठेवा. १०० इंची चित्र म्हणजे कर्ण १०० इंच, रुंदी सव्वासात फूट आणि उंची चार फूट एक इंच. नऊ-दहा फुटांवर बसणाऱ्याला तेवढं भरपूर होतं.

लुमेनचा हिशोब

लुमेन म्हणजे प्रोजेक्टर एकूण किती प्रकाश टाकतो त्याचं माप. हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता आणि सगळ्यात वाईट सल्लेही याच बाबतीत मिळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहा-सात हजारांच्या प्रोजेक्टरवर "९००० लुमेन" छापलेलं असतं आणि नावाजलेल्या कंपनीच्या साठ हजारांच्या प्रोजेक्टरवर २०००. शेजारी शेजारी लावून बघा, दुसरा कित्येक पट उजळ दिसेल. तुलना करायचीच तर अँसी किंवा आयएसओ या मानक संस्थांच्या लुमेनची करा, कारण त्यांच्या मोजणीची रीत ठरलेली आहे. पूर्ण पांढऱ्या चित्राचे नऊ समान भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर पडणारा प्रकाश मोजायचा, सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. नुसतं "लुमेन", "एलईडी लुमेन" किंवा "लाइट सोर्स लुमेन" लिहिलं असेल तर तो आकडा हिशोबात धरूच नका.

हीच मोजणी अंदाजाने घरीही करता येते. अँड्रॉइड फोनवर लक्स मीटरचं (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजणारं) ॲप घ्या, खोलीत पूर्ण अंधार करा आणि १०० इंची पांढरं चित्र टाका. फोनची पाठ पडद्याला टेकवून सेन्सर प्रोजेक्टरकडे ठेवा आणि नऊ ठिकाणी आकडे टिपा. सरासरीला २.७५ ने गुणा, कारण चित्र तेवढ्या चौरस मीटरचं आहे. सरासरी ६० लक्स आली तर तुमच्या हातात १६५ लुमेनचा प्रोजेक्टर आहे. फोनचा सेन्सर फार अचूक नसतो, पण १६५ आणि ९००० यांतला फरक त्यालाही कळतो. परत करायची मुदत संपायच्या आत हे करून घ्या.

आता लागतात किती? १०० इंची पडदा साधारण ३० चौरस फुटांचा. सिनेमागृहाच्या पडद्यासाठीचं जुनं मानक १४ ते १६ फूट-लॅम्बर्टचं (पडद्याच्या उजळपणाचं एकक) आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर त्याचा अर्थ दर चौरस फुटाला जवळपास तेवढे लुमेन. म्हणजे पूर्ण अंधारात ४२० ते ४८० लुमेन पुरतात. मग २००० कशाला, असं वाटेल. पण छापील आकडा बहुधा सगळ्यात भडक मोडचा असतो, ज्यात माणसांचे चेहरे हिरवट दिसतात. रंग नीट दाखवणाऱ्या सिनेमा मोडवर आलात की साधारण तिसरा हिस्सा जातो, इको मोडमध्ये आणखी कमी होतो आणि दिवा जुना झाला की उरलेलाही निम्म्यावर येतो. २००० चे असे ५००-६०० उरतात. १०० इंचांवर हे चालून जातं. १२० इंची पडदा मात्र ४३ चौरस फुटांचा, तिथे तेच चित्र मरगळलेलं दिसतं. "घ्या की मोठा पडदा, पैसे तेवढेच" हा सल्ला म्हणूनच ऐकू नका. २०० अँसी लुमेनचा छोटा पोर्टेबल प्रोजेक्टर वाईट नसतो, पण तो अंधाऱ्या खोलीतल्या ६० इंची चित्रासाठी.

याहून महत्त्वाची गोष्ट कोणी सांगत नाही. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त प्रकाश टाकतो. ज्या वेळी तुम्ही बघणार, त्या वेळी खोलीत उभे राहा आणि प्रोजेक्टर बंद ठेवून रिकाम्या भिंतीकडे बघा. भिंत जेवढी उजळ दिसते, चित्रातला काळा रंग तेवढाच उजळ दिसणार. त्यापेक्षा काळा तो होऊच शकत नाही. दुपारी तीनला पश्चिमेच्या खिडकीसमोर रात्रीचं दृश्य राखाडी दिसतं ते यामुळेच, आणि आणखी हजार लुमेन घेऊनही ते काळं होत नाही. आधी खिडक्यांना जाड अस्तराचे, वरच्या पेल्मेटमधून प्रकाश न झिरपणारे पडदे शिवून घ्या. दुपारची क्रिकेट मॅच लख्ख उजेडात बघायची असेल तर माझं स्पष्ट मत आहे की मोठा टीव्ही घ्यावा.

डीएलपी म्हणजे बारीक आरशांच्या चिपने चित्र बनवणारे प्रोजेक्टर. त्यातल्या एकच चिप असलेल्या बऱ्याच प्रोजेक्टरमध्ये फिरत्या रंगचक्राला एक पांढरा भागही असतो. त्याने पांढऱ्याचा आकडा वाढतो, रंगांचा नाही. मैदानाचं दृश्य लावून बघा: स्कोअरची अक्षरं चमकतात आणि हिरवळ मळकट दिसते. तीन रंगांसाठी तीन वेगळी पॅनेल असलेल्या एप्सनच्या थ्री-एलसीडीमध्ये हा प्रश्न येत नाही, मात्र त्याचा धुळीचा फिल्टर वेळच्या वेळी साफ करावा लागतो.

जागा

थ्रो रेशोला (पडद्यापर्यंतचं अंतर आणि चित्राची रुंदी यांचं गुणोत्तर) चित्राच्या रुंदीने गुणा, प्रोजेक्टर पडद्यापासून किती लांब ठेवायचा ते अंतर मिळतं. १०० इंची चित्राची रुंदी २.२१ मीटर, म्हणजे १.२ रेशोला पावणेनऊ फूट आणि १.५ ला अकरा. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत अडचण पंख्याची येते. मधोमध लटकणाऱ्या १२०० मिलिमीटरच्या पंख्याची पाती चार फूट व्यासाचा घेर घेतात आणि मागे छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा झोत नेमका त्यातून जातो. भोक पाडायच्या आधी प्रोजेक्टरच्या जागेपासून पडद्याच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणून बघा. सुतळी पात्यांच्या घेरात आली तर जागा बदला.

ऑटो कीस्टोनसाठी जास्तीचे पैसे देऊ नका. तिरकं चित्र सरळ करताना ते पॅनेलचे काही पिक्सेल वाया घालवतं. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता लेन्स सरकवून चित्र हलवायची सोय) मिळत असेल तर त्यासाठी जरूर द्या.

रिझोल्यूशन

"४के सपोर्ट" याचा अर्थ प्रोजेक्टर ४के सिग्नल घेतो, एवढाच. आतलं पॅनेल १२८० बाय ७२० चंही असू शकतं. "नेटिव्ह" शब्दापुढचा आकडा वाचा, तो निदान १९२० बाय १०८० हवा. डीएलपीमधले बरेच ४के प्रोजेक्टर १०८० चीच चिप वेगाने चार जागी सरकवून चित्र पूर्ण करतात. त्यात लबाडी नाही, चित्र खरोखर बारीक दिसतं. तरी मर्यादित बजेटमध्ये फिकट काळ्याच्या ४के पेक्षा चांगल्या कॉन्ट्रास्टचा (काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाचा) १०८० घ्यावा. कॉन्ट्रास्टच्या छापील "डायनॅमिक" आकड्यावर मात्र जाऊ नका. दुकानात अंधार करायला सांगा आणि रात्रीचं दृश्य डोळ्यांनी बघा.

आतल्या ॲप्ससाठी आणि स्पीकरसाठी पैसे मोजू नका, स्ट्रीमिंग स्टिक आणि साउंडबार वेगळे घ्या.

खरी किंमत

रोज तीन तास म्हणजे वर्षाला सुमारे ११०० तास. ४००० तासांचा दिवा साडेतीन वर्षांत संपतो, आणि ते ४००० म्हणजे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे तास. दिव्याऐवजी २०,००० तासांचं लेझर असेल तर ते याच वापरात अठरा वर्षांचं होतं, तोवर बाकीचे भाग टिकतील की नाही हाच प्रश्न. आठवड्याला एकच सिनेमा बघणाऱ्याने लेझरचे जास्तीचे पैसे देऊ नयेत. रोज बघणाऱ्याने द्यावेत.

दिव्याचा प्रोजेक्टर घेणार असाल तर पैसे देण्याआधी त्या मॉडेलच्या मूळ दिव्याची आजची किंमत आणि तो तुमच्या शहरात मिळतो का, हे लेखी विचारा. मग एका कागदावर मांडा: प्रोजेक्टर, पाच वर्षांतले दिवे, पडदा, खिडकीचे पडदे, ब्रॅकेट, लांब एचडीएमआय केबल, साउंडबार. बजेटशी तुलना या बेरजेची करा. बेरीज बजेटच्या वर गेली तर आधी पडद्याचा आकार कमी करा, मग ४के सोडा. खिडकीचे पडदे मात्र यादीतून काढू नका.