खासगी गल्ली नगरपरिषदेच्या ताब्यात कशी दिली: माझा अनुभव

रत्नागिरीतल्या आमच्या गल्लीत पावसाळ्यात लाल पाणी थेट पडवीत शिरायचं. नगरपरिषदेत विचारलं, तर रस्ता खासगी आहे, त्यावर खर्च करता येत नाही असं कळलं. घरपट्टी भरून हे ऐकताना राग येतोच.

मग सातबारा काढला. रस्त्याची पट्टी अजून मूळ प्लॉट पाडणाऱ्याच्याच नावावर! मंजूर रेखांकनात मात्र 6 मीटर रस्ता स्पष्ट दाखवलेला. हा नकाशा आधी मिळवा, पुढची सगळी बोलणी त्यावरच होतात.

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 मध्ये खासगी रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करायची तरतूद आहे. आम्ही मुख्याधिकाऱ्यांच्या नावे सगळ्या घरमालकांचा एकत्र अर्ज केला, सोबत संमतीपत्रं जोडली.

खरा वेळ गेला तो सह्यांत. शेजारच्या काकू त्यांच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, अडून बसल्या, "माझा गडगा मागे घ्यायला लावतील ना रे?" रेखांकन त्यांच्या पडवीत पसरलं, टेप धरून गडग्यापासून समोरच्या कुंपणापर्यंत मोजलं. गडगा त्यांच्या हद्दीतच होता. "मग आण पेन," म्हणाल्या.

मूळ मालकाने जागा लिहून दिली, मोजणी झाली, सभेत ठराव झाला. निधीसाठी मात्र नगरसेवकांकडे खेटे घालावेच लागले.

एक हट्ट आम्ही सोडला नाही: आधी गटार, मग डांबर. कोकणातल्या पावसात गटाराविना डांबर टिकत नाही. गटाराचा उतार वहाळाकडे (ओढ्याकडे) आहे ना, हे काम चालू असतानाच पाणी ओतून बघा.