घर, शोषखड्डा आणि बाग: आधी भरावाखालची माती पाहावी

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात जमिनीचा स्वभाव थोड्याच अंतरात बदलतो. येऊर किंवा पारसिकच्या डोंगरावर मातीचा पातळ थर संपताच काळा पाषाण लागतो, उतारावर त्याच पाषाणाचा झिजून झालेला मुरूम असतो, आणि खाडीकडे जावे तसा काळपट, मऊ गाळ सुरू होतो. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाल्यानंतर तेथे अनेक ठिकाणी सखल खाजणांवर, म्हणजे भरतीचे पाणी शिरणाऱ्या दलदलीवर, भराव टाकून जमीन उंच करण्यात आली. त्यामुळे प्लॉटवर कठीण मुरूम दिसला, तरी तो कोठल्या तरी खाणीची साक्ष देतो, प्लॉटची नव्हे.

म्हणून नकाशा काढण्यापूर्वी किमान दोन ठिकाणी बोअर (जमिनीत खोल, अरुंद भोक) घेऊन मातीची तपासणी करून घ्यावी. या तपासणीत ६३.५ किलो वजनाचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून मातीचा नमुना घेणाऱ्या नळीवर सोडतात आणि ती नळी शेवटचे ३० सेंटिमीटर खाली जायला किती ठोके लागले, ते मोजतात. मऊ गाळात हा आकडा चारच्याही खाली असू शकतो. अहवाल हाती आल्यावर भराव किती खोल आहे, गाळाचा थर किती जाड आहे आणि पक्का खडक कोठे लागतो, या तीन गोष्टी आधी शोधाव्यात.

मूळच्या मुरमावर एक-दोन मजली घराचा पाया सहसा साधाच पुरतो. मात्र डोंगर कापून सपाट केलेल्या प्लॉटवर घराचा मागचा भाग खडकावर आणि पुढचा भाग भरावावर येतो. पुढचा भाग खचला की भिंतींना तिरपे तडे जातात. अशा वेळी सर्व खांबांचा पाया मूळ जमिनीपर्यंत नेणे महाग वाटले तरी तेच योग्य. खाडीच्या गाळावर पाइल, म्हणजे घराचे ओझे खोलवर पोहोचवणारे जमिनीतील खांब, खडकापर्यंत न्याव्या लागतात. गाळ भरावाच्या ओझ्याने वर्षानुवर्षे दबत राहतो आणि दबताना पाइललाही खाली ओढतो, म्हणून हे जादा ओझे हिशेबात धरले आहे का, असे इंजिनिअरला स्पष्ट विचारावे. घर पाइलवर स्थिर राहते, पण अंगणातील फरशी खाली जाते आणि भिंतीतून बाहेर पडणारा सांडपाण्याचा पाइप तेथेच तुटतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तळमजल्याची फरशी भरावावर न टाकता बीमवर टाकावी आणि पाइपाला भिंतीजवळ लवचीक सांधा द्यावा. गाळातील क्षार लोखंडाला गंजवतात, त्यामुळे सळ्यांवरील काँक्रीटच्या आवरणातही काटकसर करू नये.

शहरात मलनिस्सारण वाहिनी असेल तर तिलाच जोडणी घ्यावी. सेप्टिक टाकीचा विचार उरण, पनवेल, मुरबाडकडच्या वाहिनी नसलेल्या गावांपुरता. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यातून मातीत जिरवतात. या खड्ड्याची जागा ठरवण्यासाठी नियोजित खोलीइतका लहान खड्डा खणून तळाशी पाच सेंटिमीटर खडी घालावी आणि तो रात्रभर पाण्याने भिजत ठेवावा. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून अर्ध्या तासात ते किती उतरते, ते मोजावे. त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात, याचा हिशेब करावा. तीस मिनिटांच्या आत उतरत असेल तर शोषखड्डा चालतो, तीस ते साठ मिनिटांत पसरट चर घ्यावे लागतात, आणि त्याहून वेळ लागला तर पाणी मातीत जिरवण्याचा नाद सोडून गाळणटाकीकडे, म्हणजे ते पाणी गाळणाऱ्या वेगळ्या टाकीकडे, वळावे. ही चाचणी मे महिन्यात केली तर ती गोडच उत्तर देते. पावसाळ्यात भूजल पृष्ठभागापासून दोन मीटरच्या आत येते का, हे श्रावणात शेजारच्या विहिरीत डोकावून पाहणे अधिक खरे. पाणी इतके वर येत असेल, तर चर जमिनीवर मातीचा उंचवटा करून त्यात घेतात.

पाणी झटकन जिरले की लोक खूश होतात, पण भेगाळलेल्या पाषाणात ते गाळले न जाता थेट विहिरीला मिळू शकते. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर आणि घरापासून सहा मीटर दूर असावा. भर पावसात टाकी पूर्ण उपसूही नये, कारण रिकामी टाकी भूजलाच्या रेट्याने होडीसारखी वर उचलली जाते.

बागेची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. मुरमाच्या भरावात पाणी टिकत नाही आणि बांधकामाचे डेब्रिज मिसळलेले असते, म्हणून आळे तीन फूट खोल खणून, विटांचे तुकडे काढून, पोयटा आणि शेणखत भरावे. खाडीलगत उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर येत असेल, तर क्षार खालून वर चढत आहेत. अशा जागी मातीचा नमुना प्रयोगशाळेत क्षारतेसाठी तपासावा, वाफे उंच करावेत आणि पालापाचोळ्याचे आच्छादन टाकावे. खारजमिनीत भात लावणारे शेतकरी पहिल्या पावसांनी क्षार धुऊन गेल्यावरच लावणी करतात. रोपेही तेव्हाच लावावीत. नारळ, चिकू, भेंडीचे झाड (भाजीची भेंडी नव्हे, पारोसा पिंपळ) येथे तग धरते. आंब्याचा हट्ट मात्र डोंगराकडच्या प्लॉटसाठी राखून ठेवावा.