टाळत आलेलं काम सुरू कसं करायचं: पहिली दहा मिनिटं सांभाळा

पहाटे पाचला उठा, भिंतीवर व्हिजन बोर्ड लावा, मोटिव्हेशनल रील्स बघा, असले सल्ले ऐकून मला आता वैताग येतो. बदलापूरहून सकाळची लोकल पकडणारी बाई पाचला उठलेलीच असते हो, तिला अजून काय सांगता? मी नोकरी सांभाळून पोहणं, जर्मन, हार्मोनियम अशा बऱ्याच गोष्टी सुरू केल्यात आणि दरवेळी तेच दिसलंय की उत्साह हा काम सुरू झाल्यावर येतो, त्याची वाट बघत बसलात तर वर्ष निघून जातं.

आधी एकच गोष्ट निवडा. सामान आदल्या रात्री काढून ठेवा.

मग वेळ आणि जागा. "रोज थोडं करीन" असलं मोघम नको, "अमुक झालं की लगेच अमुक" असं वाक्य ठरवा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या लेखात हेच मांडलंय, कधी-कुठे-कसं हे आधी ठरलेलं असेल तर काम होण्याची शक्यता वाढते. मुंबईत माझा एक कडक नियम आहे, "घरी पोचल्यावर करीन" असं कधीच ठरवायचं नाही. विरार फास्टमधून उभ्याने आलेला माणूस घरी येऊन चहा पिऊन सोफ्यावर टेकला की संपलंच. त्यापेक्षा दादरला उतरलं की आधी वाचनालय, मग घर. किंवा ऑफिस सुटल्यावर तिथेच टेबलावर.

आता खरी अडचण. तुम्ही वेळेवर बसलात, वही उघडली, आणि पोटात काहीतरी कालवायला लागतं. पाणी प्यावंसं वाटतं, कपाट आवरावंसं वाटतं, कुणाचा तरी मेसेज आठवतो. मी कित्येक वर्षं इथेच उठून जायचे आणि लोक आळशी म्हणायचे. पण आळशी माणूस कपाट कशाला आवरेल? फ्युशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये लिहिलंय की टाळाटाळ ही मुळात मूड सांभाळायची धडपड असते, काम बघून नकोसं वाटतं, ते टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच सवय लागते. म्हणून नवा प्लॅनर आणि नवं ॲप घेऊन काही फरक पडत नाही, कृपा करून त्यावर पैसे घालवू नका.

करायचं ते असं. काम हाताने करता येईल इतकं बारीक करा. "जर्मन शिकायचं" हे कामच नव्हे, "या पानावरचे पाच शब्द वहीत उतरवायचे" हे काम. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, वन रूम किचन असेल तर घरातल्या कुणाच्या तरी ताब्यात द्या. घड्याळ लावून दहा मिनिटं खुर्ची सोडायची नाही. अक्षर वाईट येऊ दे, सूर चुकू दे, हात चालू ठेवा. घालमेल गेल्यावर सुरू करू असं अजिबात नको, ती असतानाच करायचं, तलावाच्या काठावर उभं राहून पाणी कोमट होत नाही. माझी घालमेल बहुतेक वेळा दहा मिनिटं संपायच्या आतच उतरते.

आणि दहा मिनिटं झाली की उठायची खरीखुरी मुभा द्या. पुढे बसावंसं वाटलं तर बसा, पण दहा म्हणून स्वतःकडून जबरदस्तीने चाळीस काढून घेतलीत तर उद्या मन त्या दहावर विश्वास ठेवणार नाही, हे मी फार कळकळीने सांगतेय.

उठताना उद्याचं पहिलं काम एका ओळीत लिहून ठेवा.

खंड पडणारच. रुळांवर पाणी साचेल, मार्च एंडिंग येईल, गणपतीत घर पाहुण्यांनी भरेल. २०१० मध्ये कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला होता, पहिल्या परीक्षेला टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. तेव्हा स्वतःला शिव्या देत बसू नका आणि बुडलेले दिवस भरून काढायला रविवारी पाच-पाच तास तर मुळीच बसू नका. सोमवारी तीच जागा, तीच वेळ, परत दहा मिनिटं.